फडातल्या शेवटच्या चार सऱ्या आणि ससा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय, जागेप्रमाणं काटछाट करा पण उसाच्या फडाचा भाग तेवढा राहू द्या ही विनंती, कारण गळीत हंगाम ऐन भरात आहे आणि मला जे सांगायचंय ते आत्ताच सांगण्यासारखं आहे, एप्रिलात छापून काही उपयोग नाही.

झालं असं की माझा भाचा कॅनडात ऑन्टारिओला नोकरीला आहे, त्यानं डिसेंबरात घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. गुडघाभर बर्फ, ख्रिसमस ट्रीसारखी दाट झाडी, दोन बीगल कुत्री भुंकत पुढं गेलेली, भाच्याबरोबर कामाला असणारा एक माणूस भडक नारिंगी जॅकेट घालून बंदूक धरून गप उभा आणि थोड्या वेळानं समोरून एक पांढराशुभ्र ससा उड्या मारत येतो. पुढचं काय ते कळलंच असेल. तो व्हिडिओ आमच्याच घरातनं गावच्या पोरांच्या ग्रुपवर गेला, तीन दिवसांत सगळ्या गावानं बघितला, आणि मग पोरं मला बांधावर गाठून म्हणायला लागली, तात्या बघा की, तिकडं गोरी माणसं उघड उघड ससं मारत्यात, सरकार लायसन देतंय, आणि आम्ही एक ससा धरला की फॉरेस्टवाले केस करणार, हे कुठलं बरं?

मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. रविवारी भाच्याला फोन लावला, तासभर सगळं विचारून घेतलं, नंतर पोरीला सांगून मोबाईलवर पण बरंच वाचून काढलं. व्हिडिओ आमच्या घरातनं बाहेर गेला म्हणून उत्तर पण आमच्याच घरातनं जावं असं मला वाटलं, म्हणून हे पत्र.

तिकडच्या सशाला स्नोशू हेअर म्हणतात. बर्फात पाय रुतू नये म्हणून तिकडची माणसं पायाला जाळीची मोठी चौकट बांधून चालतात ती स्नोशू, आणि या सशाचे मागचे पाय निसर्गानंच तसे केलेत, लांब, पसरट, तळव्याला दाट राठ केस. भुसभुशीत बर्फावरनं तो पळून जातो आणि मागचं कुत्रं रुतत बसतं. उन्हाळ्यात तो आपल्या सशासारखाच तपकिरी असतो, थंडी आली की पांढरा होतो. पण थंडीमुळं नाही होत बरं का, दिवस लहान व्हायला लागला की त्याच्या अंगात बदल सुरू होतो आणि साधारण दहा आठवड्यांत सगळा अंगरखा बदलून होतो. म्हणजे बर्फ पडलं का नाही याच्याशी त्याच्या केसांना देणंघेणं नाही. आता हवामान बदललंय, बर्फ उशिरा पडतं, लवकर वितळतं, आणि पांढरा झालेला ससा तपकिरी पाचोळ्यावर विजेच्या बल्बसारखा उठून दिसतो. अमेरिकेत मोंटानात संशोधकांनी सशांना रेडिओ कॉलर लावून हे तपासलंय, रंग जुळत नाही अशा काळात दर आठवड्याला त्याच्या जगण्याची शक्यता जास्तीत जास्त ७ टक्क्यांनी घटते. आणि आपण उघडे पडलोय हे त्या सशाला कळत पण नाही, तो नेहमीसारखाच गप बसून राहतो. ही गोष्ट वाचली तेव्हा मी मोबाईल खाली ठेवला, कारण मला आमचा फड आठवला. ते पुढं सांगतो.

शिकार कशी चालते ते पण भाच्यानं सांगितलं. ससा बिळात राहत नाही, ना तिकडचा ना आपला, तो झुडपाखाली जमिनीवरच जागा करून बसतो. आणि आपला मुलूख सोडून लांब जात नाही. कुत्रं मागं लागलं की मोठा गोल मारतो आणि फिरून उठला होता त्याच अंगाला परत येतो. म्हणून तिकडचा शिकारी पळत नाही, ससा जिथनं उठला तिथंच उभा राहून वाट बघतो. कितीतरी वेळा ससा दाट झाडीत आडवातिडवा जाऊन कुत्र्यांना चकवतो आणि माणूस हात हलवत घरी येतो. आणि हे करायला त्या माणसाला बंदुकीचं लायसन वेगळं, शिकारीचं वेगळं, त्याच्या आधी कोर्स आणि परीक्षा, शिकारीचे महिने ठरलेले, कुठं मारायचं कुठं नाही ते ठरलेलं. माझा भाचा तीन वर्षं तिथं राहतोय पण त्यानं बंदुकीला हात लावला नाही, लावता येत नाही, तो नुसता बघायला गेलेला.

आणखी एक, हे तिकडं काही नवीन फॅड नाही. क्री, डेने हे तिथले मूळ लोक पिढ्यान् पिढ्या थंडीत सशावर जगले, त्याच्या कातड्याच्या पट्ट्या कापून विणलेली पांघरुणं करायचे. सशाच्या मटणात चरबी जवळजवळ नसतेच, त्यामुळं नुसता ससाच खाऊन राहिलं तर पोट भरलेलं असून माणूस खंगतो हे पण त्यांना ठाऊक होतं. न्यूफाउंडलँड बेटावर तर आजसुद्धा लोक बर्फातल्या सशाच्या वाटेवर तारेचा फास लावून घरापुरता ससा आणतात. ती उत्तरेची थंडी, तिथं जमिनीत महिनोन् महिने काही उगवत नाही, त्या माणसांना नावं ठेवायचा मला काही अधिकार नाही आणि माझा तो हेतू पण नाही.

पोरांचा पुढचा मुद्दा असा होता की तात्या, ससं कितीबी मारा, परत होत्यात. याला पण तिकडचंच उत्तर आहे. त्या उत्तरेकडच्या जंगलात सशांची संख्या दर ८ ते ११ वर्षांनी वर जाते आणि कोसळते. हडसन्स बे कंपनी नावाची जुनी व्यापारी कंपनी होती, तिच्या वह्यांमध्ये लिंक्स म्हणजे तिकडचं मोठं रानमांजर, त्याच्या कातड्यांची शेदीडशे वर्षांची मोजदाद आहे, त्या आकड्यांत ही लाट स्पष्ट दिसते, ससं वाढली की मागोमाग लिंक्स वाढतं, ससं पडली की लिंक्स पण पडतं. कॅनडातल्याच युकॉन भागात शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं तळ ठोकून हे मोजलंय. परत का होतात तर त्यांच्या पाठीशी हजारो किलोमीटर सलग जंगल आहे, कोसळल्यावर उरलेली चार ससं लपायला जागा आहे. आमच्या सशाला कुठली जागा आहे? करवीर, कागल, हातकणंगले, शिरोळ, बघा गाडीत बसून, रस्त्याच्या दोन्ही अंगाला ऊस. माळ फोडले, पाणी आलं, नदीचं पाणी उचलणाऱ्या लिफ्ट झाल्या, चांगलंच झालं, माझं घर त्याच उसावर चालतं. पण सशाला झुडूप राहिलं नाही, त्यानं उसालाच जंगल मानलं. आणि हे जंगल दरवर्षी नोव्हेंबर ते मार्च बुडापासनं कापलं जातं.

आता फडाची गोष्ट. मागच्या जानेवारीत आमच्या शेजारच्या वावरात तोड आलेली. दोन टोळ्या लावल्या होत्या, एक रस्त्याकडनं एक विहिरीकडनं, कारण ट्रॉली लवकर भरायची होती. दोन्हीकडनं तोडत आले की मधे पट्टा उरतो आणि फडातलं सगळं जनावर त्या पट्ट्यात गोळा होतं, उंदीर, घोणस, रानमांजर, ससा. दुपारी तीनच्या सुमाराला चार सऱ्या उरल्या होत्या. तेवढ्यात गावातली सहासात पोरं दोन कारवानी शिकारी कुत्री घेऊन आली, त्यांना कुणीतरी फोन केलेला. पट्ट्याच्या दोन्ही अंगाला उभी राहिली. कोयत्याचा आवाज जवळ आला तसा एक ससा सुटला, कान पाठीला चिकटवून विहिरीच्या बाजूनं गेला, कुत्र्यांच्या पुढं चांगलं वीस पावलं होता, मला वाटलं सुटला हा. पण त्यानं काय केलं, गोल मारला. जसा तो कॅनडाचा मारतो तसाच. मोठा गोल मारून जिथनं उठला होता तिथं परत आला. आणि तिथं ऊस नव्हता. त्या पाच मिनिटांत शेवटच्या सऱ्या पण आडव्या झाल्या होत्या. तो मोकळ्या रानात थांबला, मागच्या पायावर उभा राहिला, माझ्यापासनं एवढ्या जवळ की उन्हात त्याच्या कानातल्या शिरा लाल दिसत होत्या, मानेमागचा काळा डाग दिसत होता, नाक हलत होतं. आणि मग तो बसला. खाली दबून, कान पाडून, जमिनीला चिकटून बसला, कारण त्याला जन्मापासनं तेवढंच माहीत, की गप बसलं की आपण दिसत नाही. पण बुडक्यांच्या मधे उघड्या काळ्या रानात तो लांबनं पण दिसत होता. कुत्र्यांनी तिथंच धरला. ससा एरवी आवाज करत नाही, धरल्यावर मात्र तान्ह्या पोरासारखा ओरडतो, ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको.

पोरांनी मागच्या पायाला धरून फोटो काढले. मी तिथं होतो आणि मी काही बोललो नाही, पोरं आपल्याच भावकीतली, कशाला वाद, असं म्हणून घरी आलो. वर्ष झालं, ते मनातनं जात नाही. म्हणून मोंटानाचं ते वाचलं तेव्हा तोंडात घास फिरला, तिथं बर्फ वेळेवर पडत नाही म्हणून ससा उघडा पडतो आणि इथं आम्ही पाच मिनिटांत त्याच्या अंगावरचं रान काढून घेतो.

त्याच फडात सकाळी दुसरी एक गोष्ट झालेली ती पण सांगतो. टोळीतल्या एका बाईला पाचटाखाली, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याखाली, सशाची दोन पिल्लं सापडली. मुठीएवढी, अंगभर केस, डोळे उघडे, सशाची पिल्लं उंदरासारखी उघडीनागडी जन्मत नाहीत. हात लावला नाही तिनं, हलली पण नाहीत ती. वरनं पाचट परत ओढलं, बाजूची दोनचार बुडकी तशीच उभी ठेवली आणि खूण म्हणून फडक्याची चिंधी बांधली. मुकादम ओरडला, तिनं ऐकून घेतलं आणि पुढं तोडत गेली. बीडकडची बाई, पोटासाठी एवढ्या लांब आलेली, पाठीला स्वतःचं पोर झोळीत. मी संध्याकाळी दिवस बुडताना लांब बांधावर बसून राहिलो, मादी आली, इकडं तिकडं बघत आली, चारपाच मिनिटं पाजलं आणि निघून गेली. दिवसातनं तेवढंच पाजते ती, दिवसभर मुद्दाम लांब राहते, कोल्ह्याला वास लागू नये म्हणून. लोकांना वाटतं पिल्लं टाकून दिलीत, मग उचलून घरी आणतात, गाईचं दूध पाजतात आणि पिल्लं दोन दिवसांत मरतात. पिल्लं दिसली तर उचलू नका, झाका आणि बाजूला व्हा, हे तरी कृपा करून छापाच.

आणि पाचट पेटवणं. तोड झाली की आठवड्याच्या आत काडी लावतात. ससा बिळात नसतो आणि पिल्लं हलत नाहीत हे वर सांगितलंच, म्हणजे काय होत असेल ते तुम्हीच बघा. कृषी खातं सांगून सांगून थकलं की पाचट ठेवा, कुट्टी करा, तोडीनंतर परत फुटणाऱ्या खोडव्याला खत होतं, ओल टिकते. मी चार वर्षं पेटवलेलं नाही, पाणी एक पाळी लांबतंय एवढं मी स्वतःच्या रानात बघितलंय.

आता कायद्याचं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, ससा त्यात पहिल्यापासनं आहे, आधी चौथ्या अनुसूचीत होता. २०२२ मध्ये कायदा दुरुस्त झाला, १ एप्रिल २०२३ पासनं लागू झाला आणि ससा दुसऱ्या अनुसूचीत आला. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही, फास लावणं, हाकून आणणं, प्रयत्न करणं सुद्धा शिकारच. मटण घरात ठेवलं तरी गुन्हा. पोरांना हे माहीत नाही, ती स्टेटसला फोटो लावतात म्हणजे स्वतःच स्वतःविरुद्ध पुरावा देतात. बावीसतेवीस वर्षांची पोरं, कुणी पोलीस भरतीची तयारी करतंय कुणी आर्मीची, एक केस लागली की आयुष्याची वाट लागली. मला ससा पण वाचायला हवाय आणि ही पोरं पण.

रात्रीचं तर वेगळंच आहे. गाडीवर मोठी एलईडी बॅटरी घेऊन माळानं फिरायचं, सशाच्या डोळ्यावर झोत मारला की तो जागच्या जागी खिळतो, मग काठीनं सुद्धा मारता येतो. याला शिकार म्हणणं मला पटत नाही.

आणि असला काही प्रकार उघडकीला आला की पहिलं बोट पारध्यांकडं जातं. हे बंद झालं पाहिजे. कोल्हापूरच्या माणसानं तरी असं करू नये. स्वतः मोठे शिकारी असलेल्या शाहू महाराजांनी, ज्यांच्या पदरी शिकवलेले चित्ते आणि चित्तेवान होते, काळविटाच्या शिकारीला चित्ते सुटायचे, त्याच महाराजांनी फासेपारध्यांना चोर म्हणून हाकललं नाही, बोलवून घेतलं, राहायला जागा दिली, पहाऱ्याची कामं दिली. माझ्या डोळ्यांनी मी जी पोरं बघितली ती आमची, शेतकऱ्यांची, सातबारावाल्यांची. आणि शिकारीची परंपरा म्हणून जे छाती काढतात त्यांना एवढंच सांगतो की दाजीपूर ही संस्थानची शिकारीची राखीव जागा, तीच १९५८ मध्ये अभयारण्य झाली, महाराष्ट्रातलं पहिलं. परंपरा सांगायची तर तिथपर्यंत सांगा.

ससा पिकाचं नुकसान करतो का, तर करतो, हरभऱ्याचे शेंडे खातो, भुईमूग उगवताना कुरतडतो. माझ्या रानात पण करतो. डुकरानं आणि गव्यानं जे होतंय त्याच्यापुढं ते काही नाही, एवढ्यावर मी थांबतो.

मागणी काय आहे ते साधं आहे. कारखान्यांच्या शेती विभागानं चिटबॉयना, म्हणजे तोडीची पाळी लावणाऱ्या कारखान्याच्या माणसांना, आणि मुकादमांना सांगावं की फड दोन्हीकडनं मधे तोडत येऊ नका, एका अंगानं सुरू करा आणि शेवट ओढ्याकडं, बांधाच्या झुडपाकडं नाहीतर शेजारच्या उभ्या उसाकडं करा, म्हणजे जनावर आपोआप तिकडं सरकतं. याला एक रुपया जादा लागत नाही. तोडणाऱ्यांच्या पण फायद्याचं आहे, कारण शेवटच्या पट्ट्यात नुसता ससाच नसतो, घोणस पण असते, आता बिबट्याची पिल्लं पण सापडायला लागलीत. तोड चालू असताना फडाभोवती कुत्री येऊ देऊ नयेत, ही जबाबदारी शेतमालकानं घ्यावी, मी पण त्यात आलो. वन खात्यानं हंगाम संपेपर्यंत रात्रीचं माळावर फिरावं, आणि लोकांनी खात्याच्या १९२६ या नंबरवर कळवावं, तो नंबर ह्याच्यासाठीच आहे. पंचायतीच्या फळ्यावर शिक्षेचा आकडा लिहावा, पोरं वाचतील.

भाच्याला पण मी सांगितलंय की बाबा तिथलं दाखव, पण पुढच्या खेपेला त्या माणसाचं लायसन आणि नियमाचं पुस्तक पण व्हिडिओत दाखव. त्यानं कबूल केलंय.

आमच्या प्लॉटची तोड पंधरावीस दिवसांत येईल असं चिटबॉय म्हणालाय. टोळी तीच मागितलीय, ती बाई आहे ती. ओढ्याकडच्या अंगाला शेवट करायचा असं मुकादमाशी बोलणं झालंय, तो म्हणाला ट्रॉली तिकडं लागत नाही, मी म्हटलं मोळ्या वाहायला दोन माणसं मी देतो. त्याच्या आधी हे पत्र आलं तर बरं होईल, म्हणजे कात्रण दाखवून शेजारच्या दोन प्लॉटवाल्यांशी पण बोलता येईल.

कळावे,
आपला एक वाचक, ऊस उत्पादक शेतकरी
भोगावती काठ, ता. करवीर, जि. कोल्हापूर